तांबड्या रेघेखाली

आमच्या घरात स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या दाराच्या चौकटीवर एक तांबडी रेघ होती. ऑइलपेंटची, बारीक, पट्टी लावून ओढलेली. गाव कृष्णाकाठचं असल्यामुळे नवा पाहुणा पाण्याचा तांब्या हातात घेऊन हमखास विचारायचा, "इथवर आलं हुतं व्हय पाणी?" आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "पुराची न्हवं ती. फौजंच्या भरतीची हाय." पाहुणा आमच्याच भागातला असला तर त्याला पुढचं काही सांगावं लागत नसे. तो एकदा रेघेकडे बघायचा, एकदा माझ्याकडे बघायचा, आणि तांब्या तोंडाला लावायचा.

सैन्यात शिपाई व्हायला जेवढी उंची लागते तेवढ्यावर आबांनी ती रेघ मारली होती. फौजीच्या मुलाला उंचीत थोडी सवलत असते, ती वजा करून मारली होती. म्हणजे त्या रेघेत दयामाया आधीच धरलेली होती आणि तरीही माझं डोकं तिच्याखाली बोटाच्या पेराएवढं राहायचं. रेघेखाली पेन्सिलीच्या खुणा होत्या. खालच्या खुणा एकमेकींपासून लांब लांब, वर जाईल तशा जवळ जवळ, आणि अगदी वरच्या तर एकावर एक गिरवल्यासारख्या. माझं सगळं लहानपण त्या चौकटीवर चढत गेलं आणि तिथं येऊन थांबलं.

आजोबा फौजेत होते, आबा नाईक म्हणून निवृत्त होऊन आले, धाकटे काका तेव्हा पलटणीत होते. आमच्या आळीत हे काही विशेष नव्हतं. आमच्याकडे बाळाला बघायला येणाऱ्या बायका मुलगा असला की आधी त्याचे पाय हळूच ओढून बघत. "लांब हाय गं, पलटणीत जातंय," असं कुणी म्हटलं की बाळाची आई त्या बाईच्या ओटीत गुळाचा खडा जास्तीचा घाली. माझेही पाय ओढून बघितले असतील. तेव्हा कोण काय म्हणालं ते आईने कधी सांगितलं नाही.

दर रविवारी अंघोळ झाली की माप व्हायचं. चुलीपाशी आईची भाकरी थापल्याचा आवाज चालू असे, रेडिओ खरखरत असे, आणि आबा सुताराकडून आणलेला लाकडी गुण्या माझ्या डोक्यावर काटकोनात टेकवून पेन्सिल कानामागून काढत. "टाचा लाव. पाठ लाव. समोर बघ." मी श्वास छातीत भरून उभा राहायचो. भाकरीचा आवाज तेवढ्यापुरता थांबायचा. मग आबा पेन्सिल परत कानामागे ठेवत आणि "हं" म्हणत. आईची भाकरी पुन्हा सुरू होई. त्या "हं"चा अर्थ घरात सगळ्यांना कळत असे.

एकदा कोल्हापूरच्या भरतीतून मी उंचीवरून परत आलो. तिथून पुढचं वर्ष म्हणजे घरात जणू माझं पीक घेतलं होतं. गोठ्यात दोन लाकडी मेढींच्या, म्हणजे खांबांच्या मध्ये आबांनी लोखंडी पाईप बसवला. सकाळ-संध्याकाळ मी त्याला लोंबकळायचो आणि शेजारी म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघायची. सकाळी दूध, उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी, रात्री खारीक घातलेलं दूध. उशी काढून घेतली. उशीमुळे मान आखडते असं कुणीतरी सांगितलं होतं. डोक्यावर ओझं घेतलं की पोर खुजं राहतं, ही गावाची पक्की समजूत, त्यामुळे वैरणीचा भारा मी उचलायचा नाही असं ठरलं. तो भारा माझी धाकटी बहीण मंगल आणू लागली.

आणि मंगल वाढली. तिने काही खास खाल्लं नाही, पाईपला ती लोंबकळली नाही, रोज डोक्यावर भारा घेऊन ओढ्यावरून चढून आली आणि तरी उसासारखी वाढत गेली. शाळेत असतानाच तिचं डोकं तांबड्या रेघेच्या वर गेलं. तिचं माप कुणी घेत नव्हतं, पण ती दारातून जाताना दिसायचंच. मला लोंबकळताना बघून ती गोठ्याच्या दारात उभी राहायची. "दाद्या, म्हशीला बी लटकीव की जरा. दुधाची धार तरी लांबंल."

"मंगे, जा हितनं. हसवू नगंस, हात सुटतोय."

"सुटला तर सुटू दे. पाय टेकत्यातच की भुईला. तेवडा तरी उंच हाईस न्हवं?"

पण तिच्या वाट्याला जे आलं ते काही गमतीचं नव्हतं. मावशी, आत्या, शेजारच्या बायका, सगळ्या आईला म्हणू लागल्या, "आवं, पोरगी लय ताडमाड झालीया. हिच्या जोडीचा नवरा कुठनं आणणार?" मग आई तिला म्हणू लागली, "मंगल, जरा वाकून चाल. लोकांत खांदं असं ताठ करू नगं." ती वाकून चालू लागली. आमचं दार तिला पुरेसं उंच होतं, तरी आत येताना ती मान खाली घालून यायची. आज मागे वळून बघताना वाटतं, एकाच छपराखाली एका पोराला वर ओढणं चाललं होतं आणि एका पोरीला खाली दाबणं चाललं होतं. दोन्ही कामं मायेनंच चालली होती, आणि घरातल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

मी तेव्हा कराडच्या कॉलेजात विज्ञान शाखेला होतो, पण ते नुसतं बसून राहण्यापेक्षा बरं म्हणून. आमच्या घराण्यात तोवर कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं आणि कॉलेज म्हणजे भरती होईपर्यंत थांबायची जागा, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. माझा एक पक्का विश्वास होता. अभ्यास केला की मार्क मिळतात, हे मी शाळेत बघितलं होतं. मग लोंबकळल्यावर उंची का मिळू नये? मिळत नाही याचा अर्थ मी कुठेतरी कमी पडतोय. एकदा तापाने पडलो म्हणून काही दिवस पाईपला लटकलो नाही, तर पुढच्या रविवारी "हं" ऐकल्यावर मला वाटलं, ते दिवस गेले त्याचंच हे फळ. रात्री पडल्या पडल्या मी पायांची बोटं ताणून धरायचो. उंची ही माझ्या हातातली गोष्ट आहे आणि मी ती नीट करत नाही, असा अपराध मी स्वतःवर लादून घेतला होता. आता शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. हाडांच्या टोकाची वाढ एका वयानंतर बंद होते, हे मी कितीतरी वर्गांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं. प्रत्येक वेळी ती आकृती काढताना गोठ्यातला तो पाईप मला आठवायचा.

वयाच्या अटीमुळे पुढची भरती ही माझी शेवटची होती. ती सांगलीला होती. आणि त्याच सुमारास काका सुट्टीवर आले आणि त्यांनी एक नवीनच गोष्ट सांगितली. माणूस सकाळी उठतो तेव्हा उंच असतो, दिवसभर उभा राहून खचतो. आबांनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी मला अंथरुणातून उचलून, काका आणि ते दोघांनी, सरळ चौकटीपाशी नेऊन उभं केलं. गुण्या टेकवला. आबा "हं" म्हणाले नाहीत. काका वाकून बघत ओरडले, "शिवली! रेघ शिवली की रं!" आई पीठ लागलेल्या हातानेच बाहेर आली. मी परसाकडे जाऊन आलो, पुन्हा माप घेतलं, तर तेवढी उंची गेलेली होती. पण एकदा ती शिवली होती, हे तिघांनी डोळ्यांनी बघितलं होतं. काकांचं शास्त्र चुकीचं नव्हतं. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. त्या शास्त्रावरून आबांनी जी योजना आखली ती मात्र कुठल्याच पुस्तकात सापडायची नाही. ते म्हणाले, "ह्येला झोपवूनच सांगलीला न्यायचा. मैदानावर जाऊनच उभा करायचा."

इब्राहिमभाई मुलाणी आमच्या गावातले. त्यांचा टेम्पो होता, त्यातून ते शेतकऱ्यांचं आलं बाजाराला न्यायचे. आबांनी त्यांना विचारल्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मग म्हणाले, "नाईकसाब, आलं बी आडवंच नेतो मी. पोराला काय, ह्येला बी नेऊ." आदल्या दिवशी आबांनी मला न्हाव्याकडे नेऊन फौजी कट मारून आणला. डोक्यावर बोटात धरायला केस उरले नाहीत. मंगलने मला दारात बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आबा, केसांनी तरी जरा उंची आली आसती की!" आबा म्हणाले, "झिपऱ्या पोराला फौजंत कोण घेतंय?" त्यांच्या हिशेबी तोही मुद्दा बरोबर होता.

उजाडायच्या आधी आबा, काका आणि इब्राहिमभाई आत आले. पाठ सरळ राहावी म्हणून एक लांब फळी आणली होती, तिच्यावर वाकळ घातलेली. मला अंथरुणातून सरकवून फळीवर घेतलं. वरून दुसरी वाकळ टाकली. तिघं उचलून निघाले आणि उंबऱ्यापाशी येताच आई मोठ्याने ओरडली.

"थांबा! पाय पुढं करून न्हेताय व्हय जित्या पोराला?"

सगळे थबकले. आमच्याकडे घरातून पाय पुढे करून फक्त मेलेल्याला नेतात.

"आगं, टेम्पोत पाय आदी आत गेलं पायजेत," आबा म्हणाले.

"मला न्हाई माहीत. डोकं पुढं करा."

मग त्या अरुंद सोप्यात फळी फिरवायचा खटाटोप सुरू झाला. काका दाराला अडले, इब्राहिमभाईंचा हात कोनाड्यातल्या रॉकेलच्या चिमणीला लागला, मी एका बाजूला घसरू लागलो. आबा दबक्या आवाजात हुकूम देत होते, "बाये मूड! आरं, बाये!" मंगल तोंडात पदर कोंबून हसत होती. शेवटी माझं डोकं पुढे करून मला घराबाहेर काढलं, आणि टेम्पोपाशी परत एकदा फिरवून आत ठेवलं. आईने माझ्या डोक्यावरून भाकरतुकडा उतरवून टाकला. काका घरी थांबले, आम्ही तिघं निघालो.

टेम्पोत ओल्या आल्याचा वास होता. आबा माझ्या पायाशी बसले होते आणि रस्त्यात खड्डा आला की फळीला दोन्ही हातांनी धरत होते. मला वर फक्त आभाळ दिसत होतं, आणि ते उजळत चाललं होतं. आष्ट्याच्या अलीकडे इब्राहिमभाईंनी चहाच्या गाड्यापाशी टेम्पो थांबवला. बाकड्यावर एक म्हातारा बसला होता. मागच्या फळ्यांमधून त्याला वाकळीखालचा आडवा आकार दिसला असावा. त्याने डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले, आणि हळू आवाजात विचारलं, "कुठलं म्हणायचं?"

"कराडकडलं," इब्राहिमभाई चहा ओतत म्हणाले.

"वय काय हुतं?"

"हाय की काका अजून. वय हाय. तेच तर संपत आलंय म्हणून घाई चाललीया."

म्हाताऱ्याला काही कळेना. तेवढ्यात मी वाकळ तोंडावरून खाली केली आणि म्हणालो, "आबा, मला बी येक चा सांगा."

म्हातारा बाकड्यावरून उठलाच. मग सगळा प्रकार कळल्यावर तो इतका खूश झाला की त्याने माझा चहा स्वतः आणून दिला. आबांनी मला उठू दिलं नाही. बशीतून पाजला, निम्मा मानेवरून वाकळीत गेला. निघताना म्हातारा टेम्पोला हात लावून म्हणाला, "पोरा, मी बी गेलतो भरतीला. छातीच्या मापात गेलो. आता सांग, ह्या छातीनं पुढं माझं काय अडलं का?" आबांना ते आवडलं नाही. "चला इब्राहिमभाई," ते म्हणाले.

मैदानाबाहेर पोरांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. आबांनी रांगेत माझी जागा धरली आणि मी फळीसकट रस्त्याकडेला पडून राहिलो. येणारी-जाणारी पोरं हसत होती. पण गेटपाशी शिपायाने आबांना अडवलं, आत फक्त उमेदवार. तिथे मला उभं राहावं लागलं. आबांनी माझे खांदे धरून मला सावकाश उभं केलं, काचेची बरणी ठेवावी तसं. "पाठ ताठ ठेव. उगं हलू नगंस." मी आत गेलो, तर आत आणखी एक रांग होती, बाहेरच्यापेक्षा लांब. ऊन चढू लागलं. आबांनी गावापासून सांभाळून आणलेली माझी उंची त्या रांगेत मिनिटामिनिटाला खाली उतरत होती आणि मला ते पायात कळत होतं.

माझ्यामागे खंडाळ्याकडचा एक पोरगा होता, माझ्यासारखाच काठावरचा. त्याने माझं डोकं निरखून बघितलं. "गड्या, घालू का येक रट्टा? टेंगूळ येतंय झकास. माझ्या भावानं माझ्या डोक्यात घातलाय, बघ." त्याने डोकं पुढे केलं. खरंच टेंगूळ होतं.

"दुखत न्हाई?"

"दुखतंय की. पण वर आलंय का न्हाई?"

मी नको म्हणालो. त्याच्याएवढा धीर मला नव्हता. पुढे दोन खांबांमध्ये एक आडवी दांडी बांधली होती. तिच्याखालून एकेक पोरगा जायचा. डोकं दांडीला लागलं तर पुढे धावायच्या मैदानाकडे, अजिबात लागलं नाही तर बाजूच्या फाटकातून बाहेर, आणि शंका असली तर शेजारच्या टेबलापाशी नीट मोजायचं. माझं डोकं दांडीला लागलं की नाही ते मलाच कळलं नाही. फौजी कट नसता तर केस तरी लागले असते. मला टेबलाकडे पाठवलं.

तिथे एक वयस्क हवालदार होता, आपल्याकडचा नव्हे, वरच्या मुलखातला. मी मापाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. टाचा लावल्या, पाठ लावली, समोर बघितलं, छातीत श्वास भरला आणि मान आतून वर ढकलली. इतक्या रविवारांची सवय होती. त्याने सरकती पट्टी खाली आणली, बघितलं, पुन्हा वर केली. मला वाटलं आता बोलेल. तो माझ्याकडे बघत राहिला. माझा चेहरा लाल झाला असणार. मग तो अगदी हळू म्हणाला, "साँस छोड़, बेटा." मला समजलं नाही. त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं. "छोड़ दे. जैसा है, वैसा खड़ा रह."

मी श्वास सोडला. खांदे खाली आले, मान खाली आली. पट्टी हलकेच डोक्यावर टेकली. आपण खरोखर केवढे आहोत, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा डोक्याला लागलं. हवालदाराने मान हलवली, माझ्या पाठीवर एक थाप दिली आणि बाजूच्या फाटकाकडे बोट केलं. मी रडलो नाही. खरं सांगायचं तर चालताना मला भूक लागल्याचं जाणवलं. त्या हवालदाराचं नाव मला ठाऊक नाही. मला ज्यांनी ज्यांनी शिकवलं त्या माझ्या गुरूंमध्ये मी त्याला धरतो.

मुख्य गेट लांब होतं, पलीकडच्या अंगाला. पुढे गेलेली पोरं धावून, तपासून तिथून बाहेर पडणार होती, म्हणून सगळे बाप, चुलते, भाऊ तिथे गर्दी करून उभे होते. बाजूच्या फाटकाशी कुणी नव्हतं. चिलारीचं एक झाड होतं आणि त्याच्या सावलीत आबा एकटे उभे होते. हातात गुंडाळलेली वाकळ. मी बाहेर पडलो तेव्हा ते आत्ताच आल्यासारखे दिसत नव्हते. त्यांच्या पायाशी विडीची थोटकं पडलेली होती.

"आबा, तुमी हिकडं कसं?"

त्यांनी वाकळ एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "त्या दारावर गर्दी लय," ते म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. त्यांनी मला किती कमी पडलं ते विचारलं नाही. इब्राहिमभाईंनी बाजारातून भडंग आणलं होतं, वर कांदा-कोथिंबीर घालून. टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून आम्ही तिघांनी ते खाल्लं. इब्राहिमभाई खाता खाता म्हणाले, "नाईकसाब, ह्या सांगलीवाल्यांचं भडंग खाल्लं की माणसाची उंची वाढती म्हणत्यात." आबांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता चिडतील. पण ते हसले. फार दिवसांनी हसले. मग मला झोपवून आणलेल्या फळीकडे बघून म्हणाले, "ही मागं टाक. तू म्होरं बस." परतीच्या वाटेवर मी ड्रायव्हरशेजारी बसून आलो आणि सकाळी चुकलेला सगळा रस्ता बघितला. हळदीची शेतं, उसाच्या गाड्या, शाळेतून सुटलेली पोरं. आष्ट्याला तो म्हातारा बाकड्यावरच होता. त्याने मला बसलेला बघून लांबूनच हात केला.

आई दारात उभी होती. मला बसून आलेला बघितलं आणि तिला कळलं. ती आत गेली आणि तिने भाकरी टाकायला घेतली. मी हातपाय धुऊन सोप्यात टेकलो. आबा चौकटीपाशी उभे राहून तांबड्या रेघेकडे बघत होते. तेवढ्यात मंगल पाण्याची घागर घेऊन आली आणि सवयीप्रमाणे मान खाली घालून, खांदे आवळून दारातून आत शिरली. आबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, तिचं ते वाकणं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच दिसलं.

"मंगल, घागर ठेव."

तिने ठेवली.

"सरळ उभी ऱ्हा."

ती घाबरून आईकडे बघू लागली. आई म्हणाली, "आवं, आता तिला कशाला? लोकं काय म्हणत्यात ठावं हाय न्हवं?"

"लोकास्नी काय म्हणायचं ते म्हणू दे. माझ्या हातात आसतं तर उंची ह्येला दिली आसती, हिची काढली आसती. न्हाई माझ्या हातात. मग उगं पोरीची मान कशाला मोडायची?" त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "टाचा लाव. समोर बघ." "श्वास सोड," हे मात्र मी म्हणालो. मंगल माझ्याकडे बघून फसकन हसली आणि श्वास सुटला. आबांनी गुण्या टेकवला. त्या चौकटीवर तांबड्या रेघेच्या वर एकच खूण होती, ती मंगलची. आबांनी ती इतकी ठळक काढली की पेन्सिलीचं टोक मोडलं.

जेवताना त्यांनी मला विचारलं, "तुझी परीक्षा कवा हाय?" माझ्या कॉलेजबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न. मी सांगितलं. "मग बस अभ्यासाला," ते म्हणाले. गोठ्यातल्या पाईपवर आईने दुसऱ्या दिवशी लसणाच्या जुड्या टांगल्या. मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो, मेढ्याच्या शाळेत लागलो, डोंगरातल्या पोरांना शिकवलं. त्यांतली कितीतरी भरतीला गेली, काही लागली, काही परत आली. परत आलेल्यांना मी फार बोलायला जात नसे. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे सांगून कळत नाही. माझंही लगेच सुटलं असं नाही. कितीतरी वर्षं गणवेशातला माणूस दिसला की माझ्या टाचा आपोआप उचलल्या जायच्या. मंगलला तिच्यापेक्षा ठेंगणा नवरा मिळाला. तो फार चांगला माणूस आहे आणि माळ्यावरचे डबे तिलाच काढायला लावतो.

गेल्या दिवाळीआधी घराला रंग द्यायला काढला. आई आता नाही. आबा खूप थकले आहेत, पाठ वाकली आहे, काठीशिवाय चालता येत नाही. रंगारी पोरगा चौकटीपाशी थांबून म्हणाला, "सर, ही रेघ आणि खुणा ठेवायच्या का घासून टाकू?" मी काही बोलायच्या आत आबा खाटेवरून उठले. काठी भिंतीला लावली आणि चौकटीला पाठ टेकून उभे राहिले. "बघ रं, कुठं येतंय."

गुण्या आता कुठे असणार? मी तळहात आडवा करून त्यांच्या डोक्यावर ठेवला. पांढरे मऊ केस हाताला लागले. ते श्वास भरून, मान वर ताणून उभे होते. हातभर वाकलेला माणूस, पण डोळे समोर.

"श्वास सोडा, आबा."

त्यांनी सोडला. माझा हात रेघेच्या पुष्कळ खाली आला, माझ्या कोल्हापूरच्या वर्षाच्या खुणांच्याही खाली.

"मापात बसलो?"

"न्हाई बसला."

"हं," ते म्हणाले. तोच जुना "हं". मग रंगाऱ्याकडे वळून म्हणाले, "मार रं रंग. आमच्या घरात आता कुणी भरतीचं ऱ्हायलं न्हाई."

दुपारपर्यंत चौकट रंगली. पुढच्या दाराचाही रंग ओला होता, म्हणून पोरगा म्हणाला, संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मागच्या दाराने जा-ये करा. पुढच्या अंगणात बादल्या, शिड्या आणि बघायला जमलेली आळीतली पोरं होती. आबांना चारच्या सुमारास बाहेर उन्हात बसायचं असतं, आणि मागच्या दाराची पायरी उंच आहे. काठीचा आवाज स्वयंपाकघरातून येऊ लागला, तेव्हा मी घराला वळसा घालून मागे गेलो आणि पायरीपाशी उभा राहिलो. ते दारात आले. मला बघून थांबले.

"तू हिकडं कसा?"

मी हात पुढे केला. "त्या दारावर गर्दी लय, आबा."